तुझा फोन आला नाही म्हणून

स्टोनी रिज, न्यूयॉर्क
२४ फेब्रुवारी

प्रिय लुसील,

तुझं पत्र शुक्रवारीच आलं होतं, पण मेल्विनने ते खिशात घातलं, गोठ्यात गेला आणि विसरला. मला मिळालं ते आज, शनिवारी. त्याला म्हटलं, तुझ्या बायकोची एकुलती एक शिकलेली बहीण आहे, तिची पत्रं गाईला चारू नकोस. तर म्हणतो, "गाईलासुद्धा तिचं अक्षर लागायचं नाही." तेव्हा जरा सुवाच्य लिहीत जा.

आमच्या एडिथचे दिवस भरत आलेत. मार्चच्या मध्यावर होईल असं मिसेस हर्स्ट सुईण म्हणते. पोरगी खुशाल आहे, लाकडं फोडू नकोस म्हटलं तर हसते. भीती आहे ती मलाच. माझे दोघं गेले तेव्हा कोणाला काही कळत नव्हतं. छान जन्मले, चार दिवस प्यायले, मग पेंगायला लागले आणि गेले. दोघांच्या कानामागे मेपलचा पाक सांडल्यासारखा गोड वास होता, एवढंच आम्हाला ठाऊक. आता सिरपचा रोग म्हणतात. जावई आयर्विनच्या घरातही तो आहे. त्याच्या भावाचा लिऑन त्यातलाच. पण त्याचं वेळेवर कळलं. पावडरचं दूध पिऊन सात वर्षांचा झालाय आणि परवा बोकडावर बसायला गेला नि पडला.

म्हणजे दोन्हीकडून आहे. एडिथ विचारत नाही, पण रात्रंदिवस तिच्या डोक्यात तेच असणार.

इथे हॅना हूवर म्हणते, "तुझं नाक असताना रक्तासाठी पोराची टाच कशाला टोचायची?" तुला माहीत आहे, बायका अजून नवीन बाळ आधी माझ्याकडे आणतात. मी चार बाळं वासावरून ओळखली. तुमच्या दवाखान्याने नंतर तेच सांगितलं आणि ती चारही जगली. मला त्याचा गर्व नाही. म्हणजे नसावा असा प्रयत्न असतो.

तरी या खेपेला तू म्हणशील ते सगळं करू. काय लागतं ते पाठव.

तुझी,
व्हर्ना


पेनसिल्व्हेनिया
३ मार्च

प्रिय व्हर्ना,

मेल्विनला सांग, हे पत्र मी शाळेतल्यासारखं ओळीत लिहिते आहे. गाईने वाचून दाखवावं.

सोबतच्या पाकिटात जाड कागदाचं कार्ड आहे, त्यावर गोल छापलेले आहेत. बाळ एक दिवसाचं झालं की मिसेस हर्स्टने टाच टोचून प्रत्येक गोल रक्ताने भरायचा. कार्ड सावलीत वाळवायचं, चुलीजवळ नाही. मग पुठ्ठ्याच्या मोठ्या पाकिटात घालायचं. हे पाकीट टपालपेटीत टाकायचं नसतं. तुम्ही घरात फोन ठेवत नाही, तेव्हा वीव्हरच्या सामाईक फोनखोलीतून पाकिटावरच्या नंबराला फोन केला की गाडी येऊन घेऊन जाते आणि दुसऱ्या सकाळी ते आमच्या प्रयोगशाळेत असतं.

तुझ्या नाकाबद्दल मी कधी हसले नाही आणि हसणार नाही. पण वास येतो तेव्हा दुधातल्या न पचलेल्या घटकाचं विष अंगात साठलेलं असतं. रक्तात ते त्याआधी दिसतं. आमची सगळी खटपट त्या मधल्या दोन-तीन दिवसांसाठी आहे. त्या दिवसांत आईचं दूध थांबवून पावडर सुरू केली तर मूल लिऑनसारखं बोकडावर बसतं. उशीर झाला तर काय होतं, ते तुला मी काय सांगायचं.

निकाल वाईट आला तर मी त्याच क्षणी वीव्हरकडे फोन करेन. चांगला आला तर पत्राने कळवेन.

काल माझ्या रोजच्या वहीत लिहिलं, की मी घर सोडून आले, कॉलेजात शिकले, हे सगळं बहुधा याच एका बाळासाठी होतं. मग ते वाक्य मला फार मोठं वाटलं आणि मी खोडलं. तुला मात्र लिहिते आहे. यातला खरेपणा किती आणि ऐट किती, तूच ठरव.

एडिथला माझं प्रेम. आणि बाप्तिस्मा घेऊन पंथ सोडणाऱ्याला वाळीत टाकतात, मी त्याआधीच पळाले म्हणून मला तुमच्या पंगतीत बसायला मिळतं, याची बिशपना अधूनमधून आठवण करून देत जा. उन्हाळ्यात बाळ बघायला येईन.

तुझी,
लुसील


स्टोनी रिज
१५ मार्च

प्रिय लुसील,

मुलगा! बुधवारी सकाळी. नाव मॅहलन. डोक्यावर काळं जावळ आणि आयर्विनचे मोठे कान, म्हणजे ऐकू चांगलं येईल. एडिथ ठीक आहे. पहिलटकरणीच्या मानाने लवकर सुटली.

इकडे झाडांनी वेड लावलंय. रात्री गोठतं, दिवसा ऊन पडतं, आणि मेपलचा रस अशा धारा लावून वाहतोय की बादल्या पुरत नाहीत. रस आटवून पाक करायचं गुऱ्हाळ एडिथच्या स्वयंपाकघराला लागूनच आहे, तेव्हा दार उघडलं की वाफ सरळ आत. भट्टी एकदा पेटली की विझवता येत नाही. मेल्विन, आयर्विन आणि मी आळीपाळीने उभे. माझा एप्रन इतका चिकट झालाय की काढून ठेवला तर माझ्याशिवाय उभा राहील. तुझ्यासाठी पहिल्या पाकाची एक बरणी बाजूला काढलीय.

मिसेस हर्स्टने काल टाच टोचली. रडला, पण थोडाच. कार्ड सांगितलंस तसं सावलीत वाळवलं. आणि ऐक, मी दर थोड्या वेळाने भट्टीवरून जाऊन त्याला हुंगते. कान, मान, लंगोट. नुसता बाळाचा वास, दुसरं काही नाही. माझा जीव कसा भांड्यात पडलाय म्हणून सांगू! एडिथलाही सांगितलं. ती काल प्रथम नीट झोपली.

वीव्हरकडे फोन करायला जायला आज कोणी मोकळं नाही. आणि एवढ्याशा कार्डासाठी एवढं मोठं पाकीट आणि खास गाडी, मला बाई बरं वाटेना. तू रोज दवाखान्यात जातेसच, म्हणून कार्ड याच पत्रात घालते आहे. पुठ्ठ्याचं पाकीट जपून ठेवलंय. पुढच्या बाळाला होईल.

भट्टीवर मेल्विन ओरडतोय. पाक उतू जाईल.

तुझी आनंदी,
व्हर्ना


पेनसिल्व्हेनिया
२६ मार्च

प्रिय व्हर्ना,

काल संध्याकाळी घरी पोचले. हॉस्पिटलच्या त्या खोलीत दोन दिवस आपण शेजारी बसलो आणि मी तुझ्याशी यंत्रांबद्दल बोलत राहिले. ही नळी रक्त धुते, हा आकडा उतरायला हवा. तू मान हलवत होतीस. जे बोलायचं होतं ते बोलले नाही. ते इथे लिहिते.

तू विचारलंस, "माझं पत्र कधी मिळालं?" मी म्हटलं, बुधवारी. ते खोटं होतं. पत्र मंगळवारी आलं. तुझं अक्षर ओळखलं, पाकीट जाडसर लागलं, मनात म्हटलं, व्हर्नाने मोठं पत्र लिहिलंय. बुधवारी दुपारी मला सुट्टी असते आणि तुझी पत्रं मी तेव्हाच फोडते, चहा करून, खिडकीत बसून. म्हणून ते टेबलावर ठेवलं. दवाखान्यात त्या दिवशी मी सहकारणीला सांगितलं सुद्धा, की स्टोनी रिजचं कार्ड अजून आलं नाही, म्हणजे एडिथ अजून बाळंत झालेली दिसत नाही. कार्ड माझ्या घरात होतं.

बुधवारी ते पत्रातून मांडीवर पडलं. मी आधी ओळखलंच नाही. मग ते घेऊन प्रयोगशाळेत धावले, निकाल हाती येताच वीव्हरकडे फोन लावला आणि तो तुमच्याकडे पळाला. पुढचं तुला माहीत आहे. तोवर मॅहलन उठवूनही उठत नव्हता.

डॉक्टरांना मी विचारलं. माझं नाव न घेता, "समजा एक दिवस आधी" असा प्रश्न केला. ते म्हणाले, सांगता येणार नाही. फरक पडला असता किंवा नसताही. हे उत्तर मी घरी येताना पुन्हा पुन्हा ऐकलं आणि प्रत्येक वेळी त्यातला मला सोयीचा अर्धा भाग उचलला.

तू सगळा दोष तुझ्याकडे ओढून बसली आहेस, हे मला दिसत होतं. तुला एकटीला बसू देणं सोपं होतं. ते मी दोन दिवस केलं.

लुसील


स्टोनी रिज
५ एप्रिल

लुसील,

मॅहलन घरी आला. जिवंत आहे. तुमची पावडर मोजून देतो, रक्त दर आठवड्याला जातं, आणि आता खास गाडीने जातं. पण तो बघत नाही. दिवा हलवला तरी डोळे मागे येत नाहीत. अंग लाकडासारखं ताणतो, पाठ उलटी वाकवतो. सुधारेल का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, थोडं. त्यांचं थोडं म्हणजे किती, ते आम्हाला कळलं.

तुझं पत्र वाचलं. मी रागावले का? हो. पाच मिनिटं खूप रागावले, मेल्विनला सुद्धा बोलले. मग तुला काय लिहावं सुचेना म्हणून इतके दिवस गेले. आता एवढंच लिहिते, तुझा एक दिवस तुझा, माझे पाच दिवस माझे. त्या पोराने दोन्ही भोगले. तू तुझा घे, पण माझे उचलू नकोस.

ते पाच दिवस कसे गेले, तुला सांगितलं नाही. शनिवारी तो कमी प्यायला. मी एडिथला म्हटलं, दूध अजून उतरलं नसेल. रविवारी झोपूनच होता. एडिथची सासू म्हणाली, "किती गुणी पोर!" सोमवारी मिसेस हर्स्ट वजन करायला आली, म्हणाली, उतरलंय, कार्ड गेलं ना? म्हटलं, शुक्रवारीच गेलं. "मग वाईट असतं तर लुसीलचा फोन आला असता," ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनी तेच धरलं. मंगळवारी त्याचं रडणं बदललं, मांजरीसारखं झालं. एडिथ म्हणाली, "आई, याला काहीतरी होतंय." मी म्हटलं, "अगं, फोन आला नाही ना? मग पोटात वारा धरला असेल." आणि त्याचा कान हुंगून दाखवला.

वास कधी आला, ते ऐक. वीव्हरने मोटारवाला शेजारी आणला, आम्ही हॉस्पिटलला निघालो. बाहेर थंडी, काचा बंद. घरापासून दहा-बारा मैल आल्यावर मी त्याची टोपी सारखी करायला वाकले. आणि आला, लुसील. माझ्या दोघांना यायचा तोच, अगदी दाट. तो किती दिवस येत असेल! आमच्या घराला, माझ्या केसांना, हातांना, गादीला, सगळ्याला पाकाचा वास, त्यात मी पोराचा शोधत होते.  एडिथने माझ्याकडे पाहिलं. तिलाही आला होता.

मी बिशपकडे गेले. म्हटलं, मला रविवारी सगळ्यांसमोर गुडघे टेकून कबुली द्यायची आहे. नोआ झिमरमन भला माणूस आहे. म्हणाला, "व्हर्ना, कबुली पापाची असते, चुकीची नसते. देवाने जे दिलं ते दिलं." जी येते ती हेच म्हणते, नूडल्सचं भांडं ठेवते आणि जाते. कोणी मला दोष देत नाही. एडिथही नाही. मी रोज जाते, तिचे कपडे धुते, भांडी घासते. ती "बस, आई," म्हणते. मॅहलनला माझ्या हातात देत नाही, आणि मी मागत नाही.

हॅनाची सून मे महिन्यात बाळंत होईल. परवा हॅना म्हणाली, "बाळ झालं की तुझ्याकडे आणतेच." 

व्हर्ना


पेनसिल्व्हेनिया
१४ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

तू लिहिलंस तसं करते. तुझे पाच दिवस उचलत नाही.

पण त्यातलं एक वाक्य माझं आहे, ते मला घेऊ दे. "वाईट आला तर फोन करेन, चांगला आला तर पत्राने कळवेन." आम्ही सगळ्या घरांना हेच लिहीत आलो. मला ते सोपं आणि दयाळू वाटायचं, उगीच फोनखोलीपर्यंत कोणाला पळवू नये म्हणून. यात कार्ड पोचलंच नाही तर काय, याचा विचार मी केला नव्हता. तुम्ही तिकडे माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसलात, मी इकडे तुमच्या. आता आम्ही तो नियम बदलला आहे. निकाल काहीही असो, फोन जातो, आणि सांगितलेल्या दिवशी फोन आला नाही तर घरच्यांनी करायचा. दवाखान्याच्या सभेत हे मांडताना मी कारण सांगितलं. माझं नाव घेऊन सांगितलं. वहीत त्या रात्री "धीराने बोलले" असं लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी ते खोडलं. धीर त्यात नव्हता. नियम बदलताना सगळे माझ्याकडे दयेने बघत होते आणि ते मला हवंसं वाटलं, हे खरं.

आणि तुझ्या त्या पत्रात गुऱ्हाळाचं सगळं लिहिलेलं होतं. ते वाचून मला आधी काय झालं, सांगू? घरची आठवण आली. वाफ आणि बाळाचं हुंगणं एकाच पानावर होतं, आणि मी, जिचं हेच काम आहे, ते जोडून पाहिलं नाही. कार्ड मांडीवर पडलं म्हणून जागी झाले.

हॅनाच्या सुनेसाठी पाकीट पाठवलं आहे. तिला पटवणं मला जमणार नाही. माझं ते ऐकून घेतील, कॉफी देतील आणि तुझ्याकडे येतील. तुझं नाक त्यांना अजून माझ्या प्रयोगशाळेपेक्षा खरं वाटतं. तुलाच बोलावं लागेल.

एडिथ काय म्हणते? तू तिने केलेलं लिहितेस, बोललेलं लिहीत नाहीस.

लुसील


स्टोनी रिज
१३ मे

प्रिय लुसील,

काल एडिथ बोलली. सगळं जसं झालं तसं लिहिते, कमीजास्त करत नाही.

हॅनाच्या सुनेला मुलगी झाली, शुक्रवारी. काल प्रार्थनेनंतर बायका बिशप झिमरमनांच्या स्वयंपाकघरात ताटं लावत होत्या. हॅना दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन माझ्यासमोर आली.

"घे गं, जरा बघ."

मी म्हटलं, "नाही. टाच टोचली का?"

"टोचू की. आधी तू तर बघ."

"मी बघणार नाही, हॅना. यापुढे कोणाचंच बघणार नाही. माझ्याकडे आणू नका. लुसीलचं पाकीट तुमच्याकडे आलंय, आज रविवार, उद्या पहाटेच फोन करा."

हॅनाला लागलं. म्हणाली, "मॅहलनचं मनाला लावून घेतलंस तू. अगं, ती देवाची इच्छा. तुझ्या नाकाचा त्यात काय दोष?" आणि सगळ्याजणी लागल्या मान डोलवायला. एक म्हणाली, असं मूल देव विश्वासाच्या घरातच देतो. दुसरी म्हणाली, व्हर्नाने तर सगळं केलं.

एडिथ खिडकीजवळ बसून मॅहलनला पावडर पाजत होती. तिने बाटली खाली ठेवली. तुला माहीत आहे ती कशी आहे, चारचौघांत तोंड उघडत नाही. म्हणाली, "देवाने काय केलं ते मला माहीत नाही. आईने काय केलं ते माहीत आहे. मावशीने पुठ्ठ्याचं पाकीट पाठवलं होतं. फोन केला की गाडी येते म्हणून लिहिलं होतं. आईने कार्ड साध्या पत्रात घातलं, कारण पाकीट वाया जाईल. आणि मी मंगळवारी म्हटलं, याला काहीतरी होतंय, तर मला म्हणाली, वारा धरलाय."

 हॅनाची सून शेजारच्याच घरातून आली होती, दोन दिवसांची बाळंतीण; ती रडायला लागली.

हॅना म्हणाली, "एडिथ, आईला असं बोलतात का?"

"मग कोणाला बोलू?" एडिथ म्हणाली. "तुम्ही सगळ्या मिळून तिला दोषातून मोकळी करता. माझ्याजवळ मग कोण उरतं?"

मला काय झालं ते तुला कसं सांगू? इतके आठवडे मी ते दोषाचं ओझं पोटाशी धरून दारोदार फिरत होते, आणि जो तो माझ्या हातातून काढून घेऊन देवाकडे द्यायचा. एडिथने ते परत माझ्या हातात ठेवलं. मी म्हटलं, "खरं आहे. तसंच झालं." एवढंच. गुडघे टेकले नाहीत. उभीच होते, हातात चमच्यांची टोपली.

जेवणं झाली. हॅना जाताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या सुनेला घेऊन वीव्हरकडे जाते." गेली का, ते तुमच्याकडे आधी कळेल. हे पत्र पोचायची वाट बघत नाही, मंगळवारी सकाळी मीच वीव्हरकडून तुला फोन करून विचारते.

बग्गीत बसायच्या वेळी आयर्विन घोडा जुंपत होता. एडिथ माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मी अजून रागावलेलीच आहे."

म्हटलं, "हो."

"पुष्कळ दिवस राहीन."

म्हटलं, "राहा."

मग ती म्हणाली, "याला धर. माझे हात दुखून गेलेत." आणि मॅहलनला माझ्याकडे दिलं.

हॉस्पिटलनंतर मी त्याला धरलंच नव्हतं. तो लगेच ताठ झाला, पाठ उलटी वाकवली. मला वाटलं हातातून निसटतो. मी घाबरून छातीशी आवळला, तर एडिथ म्हणाली, "असा नाही, आई. आवळू नकोस. त्याचे गुडघे पोटाशी दुमड आणि हात मानेखाली घाल, वर नको." मी केलं. तिने माझा हात धरून आणखी खाली सरकवला. तरी चुकलं. तिने पुन्हा सरकवला.

तुझी,
व्हर्ना